शांततेचा सहावा दिवस

सात दिवसांचा तो नियम होता. त्यातले पाच दिवस मी त्या माणसाला डिवचण्यात घालवले आणि सहाव्या दिवशी त्याचा बांध फुटला. हे लिहायला मला कोणी सांगितलेलं नाही. ज्यांनी जाब विचारायला हवा होता त्यांनी मला मोकळं सोडलं, आणि आज इतक्या दिवसांनीही माझं डोकं तापतं ते त्याच गोष्टीवरून.

मला राग लवकर येतो. ओमानमधल्या सोहारमध्ये स्टीलच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर म्हणून सोळा वर्षं काढली, आणि या सोळा वर्षांत हाताखालच्या पोरांनी पाठीमागे मला जी नावं ठेवली ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. बायको म्हणते, तुमच्या नाकाच्या शेंड्यावर राग बसलेला असतो. ती पुण्यात वाढली. आमच्या वाडीत वाढली असती तर तिच्याही नाकावर बसला असता, असं मी तिला ऐकवतो. मग ती स्वयंपाकघरात निघून जाते आणि भांडी जरा जोरात ठेवते.

त्या माणसाची आणि माझी ओळख कोनफळावरून झाली. मस्कतला कामासाठी गेलो की येताना मवालेहच्या मोठ्या भाजी बाजारात थांबायची आमची सवय. तिथे एकदा आफ्रिकेतून आलेले लांबोडके, मातकट कंद दिसले. आमच्या कोनफळाचाच थोरला भाऊ, एकेक कंद मांडीएवढा. मी एक उचलला आणि नखाने साल खरवडून आतला रंग बघायला लागलो. रत्नागिरीकडची माणसं कोनफळ असंच घेतात. शेजारी एक उंच, काळा माणूस अगदी तसंच नखाने खरवडत होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि हसलो. बोलता बोलता कळलं की तो नायजेरियाचा, इग्बो समाजातला, आणि आमच्याच कारखान्यात वेल्डिंग इन्स्पेक्टर म्हणून नुकताच रुजू झालाय.

पुढे चार वर्षं तो दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चहून थेट आमच्याकडे जेवायला यायचा. तो कंद उकडून आमच्या ओट्यावर खलबत्त्यात कुटायचा, आणि खालच्या मजल्यावरचे केरळी शेजारी वर येऊन विचारायचे की बांधकाम किती दिवस चालणार. तो मला सदीक म्हणायचा, मी त्याला सदीक म्हणायचो. म्हणजे दोस्त. इथे टॅक्सीवाल्यापासून पोलिसापर्यंत सगळेच सगळ्यांना सदीक म्हणतात, पण आमच्यात त्या शब्दाला थोडा जीव होता.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्याच्या आदल्या वर्षी त्याचे वडील गेले. तो थोरला मुलगा. त्यांच्याकडे हे कंद म्हणजे पुरुषाचं पीक, आणि पावसाच्या तोंडावर शेतात पहिला कंद ज्याच्या हातून जमिनीत जातो तो घराचा कर्ता. त्याने लावला की मग बाकीच्यांनी लावायचं. वडिलांचं बसायचं एक लाकडी बाकडं होतं. वर्षभर त्याच्या आईने त्यावर कोणाला बसू दिलं नव्हतं. थोरला येईल, लावणी करेल, मग बसेल, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. त्याची रजा मंजूर झाली होती, तिकीट काढलेलं होतं, आईसाठी दोन लुगड्यांचं कापड घेऊन झालं होतं. ते कापड निवडायला माझी बायको गेली होती.

जायच्या दहा-बारा दिवस आधी, सकाळी गाडीतून कामावर जाताना त्याने मला त्या सात दिवसांबद्दल सांगितलं. लावणीच्या आधी जमिनीला सात दिवस शांत ठेवायचं. त्या दिवसांत कोणी कोणावर हात उगारायचा नाही, आवाज चढवायचा नाही, जुनी भांडणं असतील ती तशीच बाजूला ठेवायची. जमीन हीच त्यांची मोठी देवी. तिच्या अंगावर भांडण सांडलं तर ती पीक देत नाही, आणि भांडणाऱ्या एकट्यालाच नव्हे, अख्ख्या गावाला देत नाही. दिवस कुठले ते त्याचे थोरले काका ठरवतात, आणि ते परवापासून सुरू होतायत.

"आणि मोडलं तर?" मी विचारलं.

"दंड. एक बकरी, एक कोंबडा, ताडी, कोलाच्या बिया. आणि त्या वर्षी पहिल्या लावणीला हात लावायचा नाही."

"तू चर्चला जाणारा माणूस. तुझ्या पाद्र्याला हे माहीत आहे?"

"पाद्री आमच्याच गावचा आहे," तो म्हणाला.

मी हसलो. मग तो म्हणाला की इथे, सोहारमध्येही तो हे सात दिवस पाळणार आहे, कारण लावणी त्यालाच करायची आहे. आणि पुढे अगदी सहज, जरा अभिमानाने म्हणाला, "हा आमच्याकडचा सगळ्यात चांगला रिवाज आहे."

तिथे माझी तार सटकली.

माझं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी देवळातून बाहेर पडते आणि परत आत जाईपर्यंत गावात भांडण करायचं नाही, आवाज चढवायचा नाही, असा गावकीचा दंडक. ऐकायला किती छान वाटतं. होमाची लाकडं आमच्या वाडीने आणून टाकायची आणि पालखीचा रस्ता आमच्या वाडीने झाडायचा, हाही त्याच गावकीचा दंडक. वाडीने बौद्ध धम्म घेतला तेव्हाच ही कामं सोडली होती, तरी गावकर, म्हणजे गावकीतले मानकरी, दर शिमग्याला यायचे आणि दर शिमग्याला नकार घेऊन जायचे. एका वर्षी माझे वडील भर रस्त्यात मोठ्याने म्हणाले की आम्ही हे काम करत नाही, पुन्हा विचारायला येऊ नका. झालं. पालखी बाहेर असताना आवाज चढवला. गावाची शांतता मोडली. लाकडं मागायला आलेल्यांनी काही मोडलं नव्हतं, कारण ते हळू आवाजात मागत होते.

दंड ठरला, नारळ आणि माफी. देवळाच्या पायऱ्यांखाली उभं राहून, हात जोडून. वडिलांनी तेव्हा जे विचारलं ते मी आजही त्यांच्याच आवाजात ऐकतो, "ज्या देवलात आमाला मान नाय, त्या देवलाचा दंड आमी कशापायी भरायचा?" उत्तर मिळालं ते असं. दुसऱ्या दिवसापासून दुकानदाराने सामान देणं बंद केलं आणि गिरणीवाल्याने आमचं दळण परत पाठवलं. बारा दिवस वडिलांनी तग धरला. आई सात महिन्यांची गरोदर होती. तेराव्या दिवशी ते नारळ घेऊन गेले. मी त्यांच्यासोबत होतो. पायरीवर बसलेल्यांपैकी एक जण विडी ओढत होता, आणि वडील हात जोडून बोलत असताना त्याने ती विडीसुद्धा विझवली नाही.

हे सगळं मी त्याला गाडीत सांगितलं. सांगितलं कसलं, ओकलो. कारखान्याचं फाटक आलं तरी मी बोलतच होतो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आमच्याकडे असं नाही. आमच्याकडे सगळ्यात मोठ्या माणसालाही तोच दंड होतो."

"सगळेच असं म्हणतात," मी म्हणालो. "आमचे गावकरही म्हणायचे. जे शांत राहा म्हणून सांगतात, त्यांच्या पायाखाली कोण असतं ते बघ एकदा."

त्यावर तो हेल्मेट उचलून गाडीतून उतरला, आणि त्याच्या त्या निमूट उतरण्याचाही मला राग आला. मी मनाशी ठरवून टाकलं की हे सात दिवस याला पाळू द्यायचे नाहीत. याने एकदा ओरडावं, मग या देवीचं आणि तिच्या दंडाचं काय होतं ते बघूच. इथे, सोहारच्या वाळूत, कोण येतंय बकरी मागायला? हा निमूट विसरून जाईल, तिकीट खिशात घालून घरी जाईल, लावणी करेल, आणि माझं म्हणणं खरं ठरेल. ते खरं ठरावं अशी मला भयंकर इच्छा होती. त्याच्या लावणीचं काय होईल याचा विचार मी केला नाही, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी केला होता. तो गावाला फसवून लावणी करणारच याची मला खात्री होती, एवढंच.

रमजान चालू होता आणि नेमका त्याच वेळी वार्षिक शटडाऊन होता. सगळा कारखाना बंद ठेवून दुरुस्त्या उरकायच्या, तेव्हा माणसं एकमेकांच्या उरावर बसलेली असतात. आमचा ओमानी सुपरवायझर उपाशी पोटी बारा तास उभा असायचा. कोणी वाद घातलाच तर तो एवढंच म्हणायचा, "माझा रोजा आहे," आणि विषय खलास. आजूबाजूला सगळे असे स्वतःला आवरत होते. मी एकटा मोकाट होतो.

पहिल्या दिवशी त्याचे कागद मुद्दाम उशिरा पाठवले. दुसऱ्या दिवशी त्याने नापास केलेल्या एका जोडावरून चार माणसांत विचारलं की त्याच्या देशात वेल्डिंग डोळे मिटून तपासतात का. त्याने जोडाचा फोटो काढून माझ्यासमोर धरला आणि कुठे काय चुकलंय ते समजावून सांगितलं, एखाद्या शिकाऊ पोराला सांगावं तसं. तिसऱ्या दिवशी त्याची ठरलेली गाडी मी दुसऱ्या कामावर धाडली. तो उन्हातून दीड किलोमीटर चालत आला आणि आल्यावर मलाच विचारलं, पाणी आहे का. चौथ्या आणि पाचव्या दिवशी काय काय केलं त्याची यादी देत नाही, लाज वाटते. पाचव्या दिवशी घरी मी त्याची नक्कल करून दाखवत होतो तेव्हा बायको म्हणाली, "अहो, त्याने तुमचं काय घोडं मारलंय?" मी म्हणालो, तुला नाही कळायचं. ती म्हणाली, "तुमच्या गावकरांनी मारलं असेल. ते जाऊन त्यांना विचारा." मी ताटावरून उठलो.

सहाव्या दिवशी एका नव्या पाइपलाइनची हायड्रो टेस्ट होती. पाइपात पाणी भरायचं आणि पंपाने दाब चढवत न्यायचा. एखादा जोड कच्चा असला तर तो तिथे फुटतो, आणि जवळ माणूस असला तर माणूसही वाचत नाही. म्हणून जो जोड तपासून झालेला नाही त्यावर इन्स्पेक्टर स्वतःच्या हाताने लाल टॅग लावतो, आणि तो टॅग फक्त तोच काढू शकतो. आमच्या धंद्यात यापेक्षा पवित्र असं काही नाही. त्याच्या एका जोडावर टॅग होता आणि त्या जोडाच्या बाजूला दोघं जण पाइपाचे आधार बसवत होते.

सकाळी येताच मी पंपाची वीज बंद करून त्याला माझं कुलूप लावलं होतं. पंप चालू होणं शक्यच नव्हतं. हे फक्त मला आणि पंपावरच्या माणसाला ठाऊक होतं. मग मी सदीकच्या देखत त्या जोडापाशी गेलो, टॅगची तार कापली, टॅग खिशात घातला आणि वॉकीटॉकीवर म्हणालो, "प्रेशर चढवा. यल्ला, चला लवकर."

तो वीसेक पावलांवर उभा होता. त्याचा आवाज इतका मोठा असेल हे मला चार वर्षांत माहीत नव्हतं. त्याने त्या दोघांना पळा म्हणून ओरडून सांगितलं, धावत माझ्यापाशी आला, छातीवर दोन्ही हात लावून मला असं ढकललं की मी पाठीवर पडलो, आणि वॉकीटॉकी हिसकावून घेत माझ्या तोंडावर ओरडला, "मूर्खा! माणसं मारशील!" सगळी साइट थांबली. ते दोघं धूम पळाले.

मग पंपावरचा माणूस घाबराघुबरा धावत आला. म्हणाला, "सर, पंपाला करंटच नाही. तुम्हीच सकाळी कुलूप लावलंय ना?"

सदीकने माझ्याकडे पाहिलं. मी अजून जमिनीवर होतो. माझ्या चेहऱ्यावर हसू होतं बहुतेक, कारण काम फत्ते झालं होतं. त्याला सगळं कळायला दोन-तीन क्षण लागले. मग त्याने मला हात देऊन उठवलं, टॅग मागून घेतला, नवी तार घालून तो जोडावर परत बांधला आणि हेल्मेट काढून तिथेच वाळूत बसला. दोन्ही तळवे जमिनीवर टेकवून बराच वेळ बसून होता.

सेफ्टीच्या नियमांनी माझी नोकरी त्याच दिवशी जायला हवी होती. त्याने एक ओळ लिहिली असती तर मी दुसऱ्या दिवशी विमानात असतो. त्याने लिहिली नाही. सुपरवायझरने विचारलं तेव्हा म्हणाला, माझाच गैरसमज झाला. मला वाटलं, आलाच हा माझ्या वळणावर. इथे खोटं बोलला, तिथेही बोलेल.

सहा वाजता सुट्टी झाली. तो माझ्याच गाडीतून घरी जायचा, त्या दिवशीही आला. फाटकाबाहेर पडल्यावर म्हणाला, गाडी जरा बाजूला घे, काकांना फोन करायचाय.

"कशाला?"

"सांगायला."

माझा विश्वास बसेना. "अरे, इथून तुझं गाव किती लांब आहे. कोणाला कळणार आहे? आणि तू ओरडलास ते माणसं वाचवायला. त्याचाही दंड?"

"लावणी मला करायची होती, सदीक," तो म्हणाला. "तोंडात खोटं धरून वडिलांच्या शेतात कसा उतरू?"

त्याने फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडे म्हातारा, खोल आवाज. मला त्यांच्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, पण सूर कळत होता. एखाद्या जोडातला दोष लिहून द्यावा तसा तो सांगत होता, कुठे, किती, कशामुळे. मधे कुठेही रडगाणं नाही. मग काकांनी काहीतरी विचारलं आणि तो अडखळला.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"विचारतात, ज्याला ढकललंस त्याला लागलं का."

मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. माझ्या वडिलांना त्या पायऱ्यांखाली कोणीही, कधीही असलं काही विचारलं नव्हतं. मी भडकलो. त्याच्यावर, काकांवर, विडी ओढणाऱ्या त्या माणसावर, सगळ्यांवर एकदम. म्हणालो, "त्यांना सांग की मी मुद्दाम केलं. पाच दिवस करतोय. तुझी काही चूक नाही."

"त्याची गरज नाही."

"सांग म्हणतो ना!" मी ओरडलो. गाडीच्या काचा बंद होत्या.

त्याने सांगितलं असावं. फोनमध्ये मागे कुठेतरी कोंबड्या ओरडत होत्या. मग काका सावकाश बोलले आणि त्याने तसंच सावकाश मला सांगितलं. मुद्दाम केलेलं असलं तरी त्याचा दंड कमी होत नाही. राग कोणी आणून दिला हे जमीन विचारत नाही. बकरी आणि बाकीचं सगळं धाकटा भाऊ देईल, आणि या वर्षी लावणीही धाकटाच करेल. आईला काका स्वतः जाऊन सांगतील.

"आणि मी?" मी म्हणालो. "माझा दंड? मीही द्यायला तयार आहे. दोन बकऱ्या देतो."

त्याने विचारलं. उत्तर लगेच आलं, अगदी छोटं.

"तुला दंड नाही," तो म्हणाला. "तू आमच्या जमिनीचं खात नाहीस. जो आमच्या जमिनीचं खात नाही त्याला आमचा नियम लागत नाही. तुझी बकरी ते घेणार नाहीत."

वडील आयुष्यभर जे मागत राहिले ते हेच होतं. मान नाही तिथे दंड नाही. एवढा साधा न्याय आमच्या गावकीला कधी सुचला नाही, आणि तो मला मिळाला तो अशा वेळी, अशा माणसांकडून, जेव्हा मला तो नको होता. मी स्टिअरिंगवर मुठी आपटल्या. तो म्हणाला, "हळू. अजून एक दिवस आहे." तेवढ्यात कुठल्यातरी मशिदीतून मगरिबची बांग झाली, रस्त्याकडेच्या गाड्यांतून माणसं उतरून खजूर खाऊ लागली, आणि एका अनोळखी ओमानी म्हाताऱ्याने आमच्या काचेवर टकटक करून दोघांना पाणी दिलं. मी ते न पिता सीटवर ठेवून दिलं.

त्याने तिकीट रद्द केलं. कापड कुरियरने पाठवलं. शुक्रवारी तो आमच्याकडे आला नाही, पुढच्या शुक्रवारीही नाही. बायकोने एकदाच विचारलं, का येत नाहीत? मी सांगितलं, सगळं सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, "जाऊन या." एवढंच.

मी गेलो तो नेमका लावणीचा दिवस निघाला. दुपारची वेळ. कंपनीच्या क्वार्टर्समध्ये त्याची एक खोली होती. तो कॉटवर बसून फोनवर गावचा व्हिडिओ कॉल बघत होता आणि मी आल्यावर त्याने मला शेजारी जागा दिली. पडद्यावर लाल माती, मातीचे उंच उंच ढीग, आणि वडिलांची टोपी घातलेला त्याचा धाकटा भाऊ. वीस-बावीसचा असेल. त्याने कंदाचा तुकडा ढिगाच्या पोटात ठेवला आणि वरून माती ओढली. पाच माणसं टाळ्या वाजवत होती. आई त्यात दिसली नाही. ती कुठे आहे हे त्याने विचारलं तेव्हा भाऊ खाली बघायला लागला. ती घरातून बाहेरच आली नव्हती.

फोन बंद झाला. एसीचा आवाज चालू होता. मी माफी मागायला आलो होतो, पण तोंडून निघालं ते माझ्या स्वभावाला धरूनच निघालं.

"तुला माझा राग येत नाही का? येत असेल तर बोल ना. शिव्या दे. तुझे सात दिवस संपले आता."

"येतो," तो म्हणाला. "फार येतो. सात दिवस संपायची वाट बघितली. मग वाटलं, लावणी होऊन जाऊ दे."

त्याने फोन उशीखाली ठेवला आणि माझ्याकडे वळून बसला. आवाज जराही चढवला नाही.

"तुझ्या गावाने तुझ्या बापाशी जे केलं त्याचा सूड तू माझ्यावर काढलास. मी तुझ्या गावचा नव्हतो."

अशा बोलण्यावर मी आयुष्यभर तुटून पडत आलोय. तो वाट बघत बसला होता. मी उठलो, दारात काढलेल्या चपला घातल्या आणि बाहेर आलो. त्याने मागून दार लावून घेतलं, आवाज न करता.